ताप गेला तरी मन उभारी धरत नाही: चिकुनगुन्या, डेंग्यू, फ्लू आणि कोविडनंतरच्या उदासीत काय करायचं

पावसाळा सरत आला की आपल्याकडे घरोघरी एकच विषय असतो: प्लेटलेट. कुणाच्या किती खाली गेल्या, कुणाला ॲडमिट केलं, कुणाचे सांधे अजून धरलेत. पुढचं मात्र कुणी बोलत नाही. ताप जाऊन दोन-तीन आठवडे झालेत, रिपोर्ट नॉर्मल आलेत, डॉक्टरांनी 'आता कामावर जायला हरकत नाही' म्हटलंय, तरी माणूस दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून आहे. चहा पुढ्यात गार होतो. फोन वाजला तरी उचलावासा वाटत नाही. साध्या बोलण्यावरून डोळ्यांत पाणी येतं. घरचे म्हणतात, "अगं, ताप तर गेला ना? मग आता काय होतंय?"

होतंय ते असं की विषाणूशी लढायला जागी झालेली प्रतिकारयंत्रणा अजून पुरती शांत झालेली नाही, आणि ती जागी असेपर्यंत मनावरही तिचा अंमल चालतो. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत ओसरतं. काहींचं ओसरत नाही आणि त्याचं रीतसर नैराश्य होतं. आपण यातल्या कोणत्या बाजूला आहोत हे ओळखायचं कसं आणि कोणत्या क्रमाने काय करायचं, ते इथे सांगितलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक बहुधा शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतात: 'ताकदीचं' सलाईन लावून घेतात आणि मग वाट बघत बसतात.

सगळ्यात आधी: थांबायचं नाही अशा गोष्टी

'जगून काय करायचंय', 'मी नसते तर सगळे सुटले असते' असे विचार येत असतील तर बाकीचा लेख नंतर वाचा. आत्ता घरातल्या एका माणसाला हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. तातडीची वेळ असेल तर ११२ किंवा १०८ लावा, नाहीतर सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. घरच्यांनी त्या दिवसापुरतं माणसाला एकटं सोडू नये. गोळ्यांचा साठा, आणि शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध, कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावं. विचारल्याने मनात नसलेला विचार येतो हा गैरसमज आहे, तेव्हा 'जीव द्यावासा वाटतो का?' हे थेट विचारायला कचरू नका.

दुसरा गट शरीराच्या खुणांचा. ताप परत चढणं, असंबद्ध बोलणं, वेळकाळाचं भान सुटणं, फिट येणं, पायांतली ताकद दिवसागणिक कमी होत जाणं, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं. ही उदासी समजून घरी बसायचं नाही. वयस्कर माणूस अचानक गप्प झाला किंवा रात्री भलतंच बोलू लागला तर 'वय झालंय' म्हणून सोडून देऊ नका. सोडियम घसरण्यापासून नव्या संसर्गापर्यंत काहीही असू शकतं.

तिसरी खूण उलट्या दिशेची आहे आणि म्हणूनच निसटते. दोन-तीन रात्री झोप नाही, तरी माणूस थकलेला नाही. अखंड बडबड, मोठमोठे बेत, पैशाची उधळण. विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर हे लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला.

शरीरात नेमकं काय चाललेलं असतं

विषाणू शरीरात शिरला की पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. या निरोप्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा ही त्यातली ठळक नावं. हे निरोप रक्तातून आणि पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेतून वर पोचतात. मग मेंदू ताप चढवतो, भूक मारतो, झोप वाढवतो आणि माणसांत मिसळायची इच्छा काढून घेतो. आजारी गाय गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि वैरणीला तोंड लावत नाही, तेही यातूनच. आजारात हे सोयीचं असतं, कारण सगळी शक्ती लढण्याकडे वळते. अडचण होते ती ताप गेल्यावरही हे निरोप थोडेथोडे चालू राहिले तर.

हा नुसता तर्क नाही. निरोगी स्वयंसेवकांना टायफॉइडची लस टोचली आणि काही तासांतच त्यांचा मूड मोजता येण्याइतका उतरला, असे प्रयोग झाले आहेत. त्यांना ताप नव्हता, दुःखाचं काही कारणही नव्हतं. त्याहून ठोस पुरावा हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांकडून मिळाला. त्यांना पूर्वी महिनोन्महिने इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं दिली जायची. इंटरफेरॉन म्हणजे शरीर विषाणूविरुद्ध स्वतःच बनवतं तो पदार्थ. ही इंजेक्शनं घेणाऱ्यांपैकी साधारण पाव ते एक-तृतीयांश लोकांना उपचार चालू असतानाच नैराश्य आलं.

यामागची एक साखळी बऱ्यापैकी उलगडली आहे. ट्रिप्टोफॅन हा आहारातला घटक सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन बनवायला लागतो. दाह, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची ही धुमसती लढाई, चालू असला की आयडीओ नावाचं विकर (एन्झाइम) हे ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेला, कायन्युरेनिन नावाच्या वेगळ्या पदार्थाकडे, वळवतं. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी लांबलेल्या कोविडच्या रुग्णांच्या रक्तात सेरोटोनिन कमी असल्याचं दाखवलं. विषाणूमुळे चालू राहिलेल्या दाहात आतड्यातून ट्रिप्टोफॅनचं शोषणच घटतं, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक. इटलीत मिलानच्या सान राफाएले रुग्णालयात २०२० मध्ये कोविडमधून उठलेल्या ४०२ जणांना महिन्याभराने तपासलं, तेव्हा ३१ टक्क्यांच्या उत्तरांत नैराश्य दिसलं. दवाखान्यात आले तेव्हा ज्यांच्या रक्तात दाहाचं प्रमाण जास्त होतं, त्यांच्यात ते अधिक होतं. अर्थात तो काळच भयंकर होता, त्यामुळे सगळा दोष सायटोकाइनवर टाकता येणार नाही.

आपल्यासाठी मला जास्त मोलाचा वाटतो तो ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावातला अभ्यास, २००६ साली प्रसिद्ध झालेला. तिथे २५३ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला. त्यातल्या काहींना झालेला रॉस रिव्हर हा विषाणू आपल्या चिकुनगुन्याचा चुलतभाऊ. डासांतूनच येतो, सांधेच धरतो. सहा महिन्यांनंतरही १२ टक्के लोकांचा थकवा, दुखणं आणि मनाची मरगळ गेलेली नव्हती. कुणाचं लांबेल हे कशावरून ठरलं? मूळ तापाचा जोर किती होता यावरून. आधीचा स्वभाव किंवा मानसिक पिंड यावरून ते सांगता आलं नाही. 'तू मनाला लावून घेतेस म्हणून बरी होत नाहीस' म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे ऐकवायला हरकत नाही.

तारखा लिहा, मग मोजा

एक वही घ्या. पहिल्या पानावर ताप चढला ती तारीख, ताप गेला ती तारीख, आणि मन उतरलेलं पहिल्यांदा जाणवलं ती तारीख लिहा. शेवटची नक्की सांगता येत नसेल तर 'दसऱ्याच्या आसपास' चालेल.

ताप गेल्यावर पहिले दोन आठवडे अंग गळून जाणं, चिडचिड, रडू येणं हे आजाराचाच भाग समजा. या काळात स्वतःवर 'डिप्रेशन'चा शिक्का मारायची घाई नको. त्यापुढे मात्र मोजायला लागा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास, निराश, हताश किती दिवस वाटलं? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही चाचणी करायची. ती मराठीतही मिळते आणि कोणताही डॉक्टर करून घेऊ शकतो. तिच्यात २७ पैकी १० किंवा अधिक आले तर डॉक्टरांकडे जायचं, २० च्या वर गेले तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे.

या चाचणीत आजारानंतर एक गोची होते. नऊपैकी झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता हे चार प्रश्न नुसत्या अशक्तपणानेही भरून येतात. चिकुनगुन्यातून उठलेल्या कुणाचेही तिथे सात-आठ गुण सहज होतील. म्हणून एकूण बेरजेइतकंच लक्ष पहिल्या दोन प्रश्नांकडे, स्वतःला दोष देण्याच्या प्रश्नाकडे आणि नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाकडे द्या. नवव्याला शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज विसरा आणि वरचा पहिला भाग परत वाचा.

घरगुती पातळीवर आणखी एक फरक कामी येतो. 'नातवंडाला घेऊन बागेत जावंसं वाटतं, पण गुडघे साथ देत नाहीत' हा अशक्तपणा. 'जाता येईल, पण जावंसंच वाटत नाही, आणि तो आला तरी काही वाटत नाही' ही उदासी. दोन्ही एकत्रही असतात, तरी कोणतं जड आहे हे माणसाला स्वतःला बहुधा कळतं.

तीन महिने उलटल्यावर प्रकरण 'अजून बरं होतंय' या सदरात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडनंतरच्या अवस्थेची व्याख्या केली तीही साधारण अशीच: आजारानंतर तीन महिन्यांच्या सुमारास असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या निदानाने उलगडत नसलेली लक्षणं. चिकुनगुन्याची सांधेदुखीही तीन महिन्यांपुढे गेली की जुनाट धरतात आणि संधिवाततज्ज्ञाकडे पाठवतात.

औषधांची पिशवी उलटी करा

हे कुणी करत नाही आणि इथेच बरेचदा चोर सापडतो. आजारात तीन-चार ठिकाणी दाखवलेलं असतं, प्रत्येकाने काहीतरी लिहून दिलेलं असतं. सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

स्टेरॉइड पहिल्यांदा बघा. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामिथासोन, डेफ्लाझाकोर्ट अशी नावं असतील. सांधे मोकळे होतात म्हणून चिकुनगुन्यात ही सर्रास दिली जातात, आणि 'गुण येतोय' म्हणून लोक दुकानातून परत परत आणतात. मनावर यांचा परिणाम डोसाप्रमाणे वाढतो. १९७२ च्या एका जुन्या पण आजही गाजलेल्या अमेरिकी पाहणीत दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत १.३ टक्के, तर ८० च्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्के लोकांना मानसिक त्रास झाला. चालू असताना झोप उडते, चिडचिड होते. थांबवल्यावर एकदम खचल्यासारखं होतं. पण म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत. काही आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एकाएकी तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. डोस उतरवत आणायचा असतो आणि ते डॉक्टरच ठरवतात.

दुसरं मॉन्टेल्युकास्ट. रेंगाळलेल्या खोकल्यासाठी लिव्होसेट्रिझिनबरोबर एकाच गोळीत येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर मानसिक दुष्परिणामांचा सर्वात कडक इशारा छापायला लावला: दुःस्वप्नं, अस्वस्थता, नैराश्य, आत्महत्येचे विचार. बहुतेकांना काही होत नाही. पण गोळी सुरू झाली आणि मन उतरलं या तारखा वहीत जुळत असतील तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

तिसरं, 'झोपेसाठी' दिलेलं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम. चार रात्रींसाठी ठीक. महिनाभर चाललं तर सवय लागते आणि दिवसाची मरगळ वाढते. जाताजाता हेही बघा की आजाराच्या गडबडीत आधीच्या गोळ्या सुटल्या तर नाहीत ना. थायरॉइडची गोळी सलाईनच्या दिवसांत राहून गेली ती राहूनच गेली, असं फार होतं.

तपासण्या: कोणत्या करायच्या, कोणत्या नाही

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, सोडियम, आणि सीआरपी किंवा ईएसआर या दाह दाखवणाऱ्या चाचण्या. एवढं बहुधा पुरतं. प्रत्येकामागे कारण आहे. विषाणूनंतर थायरॉइडला सूज येऊ शकते. आधी धडधड आणि गळ्यापुढे दुखणं, मग काही आठवड्यांनी थायरॉइड मंदावून सुस्ती आणि उदासी असा तिचा प्रवास असतो. स्टेरॉइडने साखर चढलेली असू शकते. आणि बी-१२ तर आपल्याकडे आधीपासूनच तोकडं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये मध्यमवयीन पुरुष तपासले तेव्हा सुमारे दोन-तृतीयांशांचं बी-१२ कमी निघालं होतं. आजाराने ही जुनी उणीव उघडी पडते. इंजेक्शन घ्यायचंच असेल तर रक्त देऊन झाल्यावर घ्या, आधी घेतलंत तर रिपोर्ट फसवा येतो. फेरिटिन या लोहाच्या साठ्याच्या चाचणीचंही असंच: दाह असताना ते फुगतं, त्यामुळे लोह कमी असूनही आकडा बरा दिसू शकतो.

सीआरपीबद्दल थोडं थांबून. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर असेल तर सौम्य दाह चालू असल्याची खूण, १० च्या वर असेल तर आधी नवा संसर्ग किंवा सांध्यांची सूज शोधायची. पण लठ्ठपणा, हिरड्यांचा आजार, धूम्रपान यानेही तो वाढलेला असतो. सीआरपी नॉर्मल आला म्हणून 'तुला काही झालेलं नाही' हा निष्कर्ष तर अगदीच चुकीचा. नैराश्य असलेल्यांपैकी साधारण पाव लोकांतच तो ३ च्या वर सापडतो. दर पंधरा दिवसांनी करून आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही. सायटोकाइनचं महागडं पॅनेल तर अजिबात करू नका. त्यावरून उपचार बदलत नाहीत.

सलाईनचंही सांगून टाकतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. तोंडाने खातापिता येत असेल तर ते शिरेतून घेण्यात 'ताकद' कसलीच नाही.

शक्तीचा हिशेब

औषधांशिवाय ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो ते हे. हेच पाळणं सगळ्यात कठीणही असतं. एखाद्या शिक्षिकेच्या वहीतली चार पानं अशी दिसतील (मन आणि दुखणं यांना दहापैकी गुण; मनाचे जास्त तितकं बरं, दुखण्याचे जास्त तितकं वाईट):

*मंगळवार. ७:१५ ला उठले. बोटं आवळलेली, मूठ वळायला ७:५० झाले. चार पोळ्या केल्या, बाकीच्या सासूबाईंनी. ११ ते ११:३० पेपर तपासले, अक्षरं फिरायला लागली म्हणून ठेवले. ३ वाजता रडू आलं, कारण काहीच नाही. मन ३, दुखणं ६.*

*बुधवार. आज बरं वाटलं! मंडई, बँक, दोनदा जिना, माळा आवरला. मन ६, दुखणं ४.*

*गुरुवार. उठवेना. कुकरचं झाकण फिरवता आलं नाही. मन २, दुखणं ८.*

*शुक्रवार. तेच. वाटतं की मी आता अशीच राहणार.*

बुधवार नीट वाचा. गुरुवार-शुक्रवारची उदासी तिथे तयार झाली आहे. बरं वाटलं त्या दिवशी साचलेली सगळी कामं उरकायची आणि मग दोन दिवस आडवं व्हायचं, हे चक्र तोडायचं. बऱ्या दिवशी जेवढं करावंसं वाटतं त्याच्या साधारण निम्मं करायचं. वाईट दिवशीही थोडंसं करायचंच: अंघोळ, उन्हात दहा मिनिटं, एक फोन. ओटा-पोळ्या बसून, भाजी आदल्या रात्री बसून निवडायची, पेपर वीस मिनिटं आणि मग टायमर लावून विश्रांती. दोन आठवडे हे सांभाळता आलं आणि दुखणं वाढलं नाही, की चालण्यात दिवसाला पाच मिनिटांची भर.

इथे एक फाटा आहे. हलक्या श्रमानंतर त्याच वेळी दम लागतो आणि दुसऱ्या दिवशी ठीक वाटतं, ती पडून राहण्याने आलेली शिथिलता. व्यायाम हळूहळू वाढवला की जाते. पण दर वेळी श्रमानंतर एक-दोन दिवसांनी सगळंच बिघडत असेल, डोकं धुकटत असेल, तर रेटून व्यायाम करणं घातक ठरतं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये दीर्घकालीन थकव्याच्या आजारात टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याची जुनी शिफारस काढून टाकली ती याच कारणाने. 'जिम लाव, मन ताजं होईल' हा सल्ला अशा वेळी हसून सोडून द्यायचा.

झोपेसाठी एकच नियम पाळलात तरी पुष्कळ: रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ ठरलेली. दुपारची झोप तीनच्या आत, अर्ध्या तासाची. रात्री दीड वाजता जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मोबाइल सोडून काहीही करा. रात्री सांधे ठणकून जाग येत असेल तर ती दुखण्याची तक्रार आहे. डॉक्टरांकडून दुखण्याची गोळी आणि तिची वेळ ठरवून घ्या, झोपेची मागू नका.

खाणं, हळद आणि गुळवेल

पथ्याच्या नावाखाली महिनाभर मऊ भात आणि पेज चालू ठेवू नका. ताप गेल्यावर शरीराला प्रथिनं हवीत: वरण, उसळी, दही, अंडी, मासे, जे घरात चालतं ते, रोज दोन्ही जेवणांत. भूक नसेल तर थोडं थोडं पाच वेळा. दारू या काळात पूर्ण बंद, ती झोप आणि मन दोन्ही पाडते.

हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि तेही अंगी फार लागत नाही. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या, औषध म्हणून भरवसा ठेवू नका. कर्क्युमिनच्या जोरदार कॅप्सूल मात्र स्वतःहून घेऊ नका, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीचंही तसंच. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तरी डेंग्यूत यकृताला आधीच मार बसलेला असताना काढे पीत राहण्याची जोखीम मी तरी घेणार नाही.

गोळ्या कधी, आणि कोणत्या नाही

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज उदासी असेल, पीएचक्यू-९ मध्ये १० च्या पुढे गुण असतील आणि घरची-कामाची घडी विसकटली असेल, तर 'विषाणूचं आहे, जाईल आपोआप' म्हणत बसू नका. कारण दाहाचं असलं तरी उपचार नैराश्याचेच करायचे असतात. ओपीडीत तीन मिनिटं मिळतात, तेव्हा वाक्य तयार ठेवा: "डॉक्टर, १२ सप्टेंबरला ताप आला, १८ ला गेला. ५ ऑक्टोबरपासून रोज उदास वाटतंय, पहाटे तीनला जाग येते, शाळेत जाणं बंद आहे. या गोळ्या चालू आहेत." 'अशक्तपणा वाटतो' एवढंच म्हणालात तर टॉनिक घेऊन परत याल.

सौम्य असेल तर समुपदेशनाने भागू शकतं. मध्यम किंवा तीव्र असेल तर बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन अशा गटातली गोळी देतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर सुरुवातीला जास्त लक्ष ठेवायचं, कारण क्वचित आत्महत्येचे विचार वाढतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सांगण्याने कमी करतात. चिकुनगुन्याच्या रुग्णाने एक गोष्ट न चुकता सांगायची: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का. नैराश्याची गोळी आणि वेदनाशामक एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आधी कधी उन्मादाचा झटका (सुरुवातीला सांगितलेली झोप नाही, अखंड बडबड, उधळण ही अवस्था) आला असेल तर तेही सांगा, औषध बदलतं.

आता साहजिक प्रश्न: दाहामुळे उदासी, तर दाह कमी करणारी गोळी का नको? तज्ज्ञांनीही हा विचार केला. २०१३ मध्ये अमेरिकेत औषधांना दाद न देणाऱ्या ६० नैराश्यग्रस्तांवर इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ-अल्फाला रोखणाऱ्या औषधाची चाचणी झाली. सरसकट उपयोग झाला नाही. ज्यांचा सीआरपी ५ च्या वर होता त्यांच्यात सुधारणेची चिन्हं दिसली, बाकीच्यांत नाही. पाकिस्तानात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बायपोलर नैराश्यावर (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारातलं नैराश्य) सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि मिनोसायक्लिन हे दाह कमी करणारं अँटिबायोटिक वापरून बघितलं, फायदा दिसला नाही. तेव्हा सांध्यांसाठी दिलेली गोळी सांध्यांसाठी घ्या. उदासीवर म्हणून दुकानातून वेदनाशामक किंवा स्टेरॉइड आणणं म्हणजे पोट, मूत्रपिंड आणि साखर यांना उगाच कामाला लावणं.

खाजगी तज्ज्ञ परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात जा. त्याखेरीज येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. तिथली ओपीडी म्हणजे भरती नव्हे. दाखवून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं.

घरच्यांसाठी

'विचार करू नको' हे वाक्य महिनाभर बंद ठेवा. त्याऐवजी कामं वाटून घ्या, आणि तीही विचारून नाही, ठरवून: डबे कोण भरणार, दळण कोण आणणार, सासऱ्यांची औषधं कोण बघणार. बाईमाणूस आजारी असेल तर हे जास्तच, कारण ताप उतरल्या दिवशीच ओटा तिच्या ताब्यात परत दिला जातो. दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके गळायला लागतील. डेंग्यू, चिकुनगुन्या, कोविड सगळ्यांनंतर होतं, काही महिन्यांत परत येतात. आधी सांगून ठेवलंत तर त्या दिवशीचा धसका वाचेल.

पुढच्या तापासाठी फाइलमध्ये

फाइलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: कोणता ताप, कोणत्या साली, त्यानंतर उदासी आली होती का, किती आठवडे टिकली, कोणत्या गोळीने बिनसलं, कोणत्या गोळीने बरं वाटलं. पुढच्या वेळी कुणी स्टेरॉइड लिहायला घेतलं की तो कागद त्यांच्यासमोर धरायचा. चिकुनगुन्या एकदा झाला की सहसा परत होत नाही. डेंग्यूचे मात्र चार प्रकार आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर आजार जास्त तीव्र होऊ शकतो. त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर आणि गच्चीवरचे जुने टायर आठवड्यातून एकदा रिकामे करायचे. फ्लूची लस दरवर्षी मिळते. ज्यांना एकदा फ्लूनंतर असं झालंय त्यांनी ती पावसाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावी.